मेस्त्री ऐकायचे तेव्हा

बातमी मला फ्लेक्सवरून कळली. आमच्या कोल्हापुरात वाढदिवस असो नाहीतर मरण, चौकात फ्लेक्स लागतोच. त्या सकाळी कोर्टाकडं निघाले होते, सिग्नलला थांबले आणि समोरच्या फ्लेक्सवरच्या म्हाताऱ्याकडं नुसतीच बघत बसले. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे, तेल लावून विंचरलेले केस. कुणीतरी सभ्य गृहस्थ गेलेले दिसतात, एवढंच मनात आलं. मग खालचं नाव वाचलं... सिद्धाप्पा मेस्त्री. जवळजवळ चाळीस वर्षं ओळखत होते मी या माणसाला, पण स्वच्छ कपड्यांत एकदाही पाहिलं नव्हतं, म्हणून चेहरा ओळखता आला नाही. माती होऊन तीन दिवस झाले होते. शिवगणाराधनेचा, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसकार्याचा, दिवस खाली छापला होता. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तेव्हा मी भानावर आले आणि गाडी पुढं घेतली. त्या दिवशी कोर्टात माझी तीन कामं होती. ती मी केली, आणि काय केलं ते मला आज आठवत नाही.

मेस्त्री म्हणजे आमच्या गाडीचे डॉक्टर. मी सातवीत असताना वडिलांनी एक जुनी मोटार घेतली. ते शेतकी खात्यात होते, नवी गाडी झेपणारी नव्हती. ही जुनी झेपली, पण ती पेट्रोल असं प्यायची की काही विचारू नका. मागं काळा धूर, आत पेट्रोलचा वास. मामाच्या गावाला जाऊन आलं की आई आमचे सगळ्यांचे कपडे धुवायला टाकायची. कुणीतरी वडिलांना उद्यमनगरातल्या सिद्धाप्पांचं नाव सांगितलं. गॅरेज कसलं, बोळातलं पत्र्याचं शेड. वडील नेहमीच्या सवयीनं गाडीची सगळी कुंडली सांगायला लागले, तर समोरचा काळासावळा, बुटका माणूस म्हणाला, "तुमी बोलू नगा साहेब. तिला बोलू द्या." वडिलांना कुणी असं गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मला तो माणूस तिथंच आवडला.

त्यांची कामाची एक पद्धत होती. आधी गाडी तापवून आणायला पाठवायचे, पंचगंगेच्या पुलापर्यंत जाऊन या म्हणायचे. गार इंजिन खोटं बोलतं, असं त्यांचं मत. मग प्लग काढून उन्हात धरायचे. काजळी धरलेला असला तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी; चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असला तर सगळं ठीक. आमच्या गाडीचा प्लग तव्याच्या बुडासारखा निघाला होता. प्लग पुसून परत बसवला, इंजिन चालू केलं, आणि मेस्त्रींनी उजवा हात वर केला. तो हात वर गेला की शेजारचे बापू आपलं लेथ बंद करायचे. समोरच्या वेल्डिंगवाल्याचा हातोडा थांबायचा. एखादं नवखं गिऱ्हाईक बोलतच राहिलं तर मेस्त्री खेकसायचे, "जरा गप ऱ्हावा की पावणं!" उद्यमनगरात, जिथं दिवसभर लोखंडावर लोखंड आपटतं, तिथं दोन मिनिटं अख्खा बोळ एका माणसासाठी गप्प बसायचा. त्याबद्दल कुणी कधी कुरकुर केल्याचं मी ऐकलं नाही.

कार्बोरेटरच्या पोटाशी एक बारका पितळी स्क्रू असतो. तो आत पिळला की पेट्रोल कमी होतं, बाहेर काढला की वाढतं. बाकीचं ज्याचं त्याच्या कानावर. मेस्त्री मान तिरकी करून तो स्क्रू आत घ्यायला लागायचे. इंजिनाचा जड, ढबढब आवाज हळूहळू हलका व्हायचा. आणखी आत गेलं की इंजिन ठोका चुकायचं, खोकायचं... मग केसभर मागं. तिथं कुठंतरी एक जागा असते, जिथं इंजिन एकसारखं चालायला लागतं. ती सापडली की मेस्त्रींचा हात खाली यायचा आणि बापूंचं लेथ पुन्हा सुरू व्हायचं. आम्ही त्या दिवशी घरी आलो तर आईनं माझ्या फ्रॉकचा वास घेतला आणि वडिलांना विचारलं, गाडीनंच गेला होतात ना?

पुढं मी वकील झाले. वडील गेले आणि गाडी माझ्याकडं आली. लोक म्हणायचे विकून टाक, नवी घे. मी म्हणायचे, मेस्त्री आहेत तोवर काळजी नाही. एकदा गगनबावड्याला एका जमिनीच्या कामासाठी गेले होते. धुकं इतकं की बॉनेटचं टोक दिसेना. परत निघताना गाडी धूर ओकायला लागली आणि चढावर बंदच पडली. नशिबानं मोबाइलला रेंज होती. मेस्त्रींना फोन लावला आणि मी धाडधाड सांगायला लागले. ते म्हणाले, "वकीलबाई, हे कोर्ट न्हवं. गाडी चालू करा आनी फोन इंजिनापाशी धरा." मी छत्रीखाली उभी राहून बॉनेटमध्ये मोबाइल धरला. अर्ध्या मिनिटानं कानाला लावला तर मेस्त्री म्हणत होते, "चोक अडाकलाय निम्म्यावर. तार हातानं मागं वडा आनी निघा. चा प्यायला थांबू नगा, अंधार पडंल." गार इंजिनाची हवा रोखणाऱ्या त्या चोकची तार मी ओढली आणि घरी आले. पुढं कित्येक वर्षं मी हा किस्सा बार रूममध्ये मीठमसाला लावून सांगत होते. पन्नास किलोमीटरवरून फोनमध्ये इंजिन ऐकणारा माणूस माझा मेस्त्री आहे, याचा मला केवढा तोरा होता.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडं येते. सांगायला नको वाटतं, पण त्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

तीनचार वर्षांपूर्वी गाडी पुन्हा धूर सोडायला लागली. मेस्त्रींकडं नेली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "झालं. जावा." दोन दिवसांत पुन्हा तेच. परत नेली. पुन्हा, "बरी हाय की गाडी." फोन केला तर म्हणायचे, रेंज न्हाय, आवाज येत न्हाय, आणि ठेवून द्यायचे. आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती. ते आता हात वर करत नव्हते. बापूंचं लेथ शेजारी करकरत असायचं, वेल्डिंगवाला ठोकत असायचा, आणि मेस्त्री त्या गदारोळातच स्क्रू फिरवायचे. समोरच्याची उलटतपासणी घेऊन बारीकसारीक फरक पकडायचा, यावर माझं पोट चालतं. मी तो फरक पाहिला आणि त्याचा अर्थ लावला, की म्हातारा आळशी झाला, कामाची फिकीर राहिली नाही. पेट्रोल थोडं जास्त ठेवलं की इंजिन बंद पडत नाही, गिऱ्हाईक रस्त्यात अडकत नाही. ज्याला ऐकून जागा सापडत नाही, तो जास्त पेट्रोलच्या बाजूला चुकतो. हे मला फार नंतर समजलं.

एका सोमवारी कोर्टाच्या फाटकात गाडी चालू केली आणि मागून आलेल्या धुरानं एका ज्येष्ठ वकिलांचा पांढरा शर्ट काळा झाला. ते भले गृहस्थ, हसले. बाकीचेही हसले. मी तणतणत तडक उद्यमनगर गाठलं. शेडमध्ये दोन गिऱ्हाईकं बसली होती, बापू दारात होते. माझं तोंड फाटकं आहे हे अख्ख्या कोर्टाला माहीत आहे, पण त्या दिवशी मी उचलली जीभ लावली टाळ्याला. मेस्त्रींच्या अगदी समोर उभी राहून म्हणाले, "हात गेला तुमचा, मेस्त्री. आता सोडा हे काम." ते माझ्या तोंडाकडं बघत होते. एवढं वाक्य मात्र त्यांना नीट समजलं. कापडाला हात पुसले, एक एक बोट पुसलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं ते उलट बोलतील, भांडण होईल आणि मग चहा येईल. आमचं आजवर तसंच चालत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी हायवेकडच्या एका नव्या गॅरेजात नेली. तिथल्या मुलानं मागच्या नळीत एक यंत्र घातलं, पडद्यावरचे आकडे बघत स्क्रू फिरवला आणि पंधरा मिनिटांत धूर बंद. परत येताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बघा, मी म्हणत होते ते खरं निघालं. आपलं खरं ठरल्याचा आनंद होतो ना, तो मला झाला. आज तो आठवला की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते. दोन महिन्यांनी कळलं की मेस्त्रींनी शेड बंद केलं. वय झालं होतं, कधीतरी बंद करायचंच होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढं वर्षभरानं बापू एका दाव्याच्या कामासाठी कोर्टात आले. व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, "मेस्त्रींनी निरोप दिलाय. गाडी घिऊन घरी या म्हणत्यात. कंच्याबी रविवारी या, पर या."

"कशाला? दुकान तर बंद केलं ना त्यांनी?"

"ते मला न्हाय सांगितलं. आनी फोन नगा करू बरं का. त्येस्नी ऐकू येत न्हाय."

मी विचारलं, "कधीपासून?"

"झाली की दोन-अडीच वर्सं. आमास्नी तरी कुठं ठावं हुतं? त्येंच्या पोरानं डॉक्टरकडं नेल्यावर कळलं. रोज शेजारी बसतोय, पर आमी मुळात वरडूनच बोलतोय की ओ."

खरं होतं ते. दुसऱ्या कुठल्या गावात असते तर मेस्त्रींचे कान गेल्याचं आठ दिवसांत सगळ्यांना कळलं असतं. आम्ही माणसं शेजारच्याला हाक मारतानाही तालमीच्या हौद्यात उतरल्यासारखी मारतो. जिथं सगळेच ओरडतात तिथं बहिऱ्या माणसाला ओरडून सांगावं लागतंय, हे कुणाच्या लक्षात येणार? त्यांना फोनवर मात्र कळेना, आणि ते रेंजवर ढकलायचे. बारीक आवाजातलं सोडाच, इंजिनाचा ठोकाही ऐकू येत नव्हता, आणि हे कुणाला सांगायची त्यांची छाती होत नव्हती. त्यात मी जाऊन सांगितलं, की हात गेला.

मी त्या रविवारी गेले नाही. राग नव्हता, लाज होती. काय तोंड घेऊन जायचं? शिवाय मला वाटलं, ते मला बोलणार. चार शब्द सुनावतील, ते त्यांच्या हक्काचेच होते, पण ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. आम्हा वकिलांना एक वाईट सवय असते, अवघड काम आलं की पुढची तारीख मागायची. मी दिवाळीनंतरची घेतली, मग कोर्टाच्या सुट्टीनंतरची. उन्हाळ्यात बापू पुन्हा भेटले. म्हणाले, "मेस्त्री इचारत हुतं, वकीलबाई अजून रागात हाईत काय?" मी म्हणाले, "नाही हो बापू, राग कसला? सांगा त्यांना, पुढच्या रविवारी नक्की येते." तो रविवार आला. मी घर आवरलं, कपाटं पुसली, जुन्या फायली लावल्या. संध्याकाळी बापूंना फोन करून म्हणाले, काम निघालं, पुढच्या रविवारी येते. मग पाऊस लागला... आणि मग तो फ्लेक्स.

शिवगणाराधना होऊन गेल्यावर मी गेले, पुन्हा धूर सोडायला लागलेली गाडी घेऊनच. वरातीमागून घोडं. घर कळंब्याकडं. मुलगा कागलच्या एमआयडीसीत ड्यूटीवर होता, घरी गौराक्का एकट्याच. या मेस्त्रींच्या बायको; त्यांना मी पूर्वी दोनतीनदाच पाहिलं असेल. त्यांनी दारातूनच गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "यायला पायजे हुतं तुमी." एवढंच. मग पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मेस्त्री दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, एवढं सांगितलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "चला मागं, दावतो."

घराच्या मागं छोटं शेड होतं. दुकानातली हत्यारं तिथं ओळीनं लावलेली. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं तीन हात काढले होते, लहान मुलानं काढावेत तसे वेडेवाकडे. एका हाताचं एक बोट वर, खाली लिहिलेलं ‘जड’. दुसऱ्याची दोन बोटं वर, ‘चुकतंय’. तिसऱ्याची नुसती मूठ, ‘बस’. आणि समोर फरशीवर त्याच रंगाचा एक गोल, ताटाएवढा. त्यात अक्षरं होती. मी वाकून वाचली. ‘वकीलबाई’.

मला काही कळेना. गौराक्का सांगायला लागल्या. मेस्त्रींना ऐकू येत नव्हतं, पण हाताला स्क्रू कळत होता. कुणीतरी ऐकायचं आणि खुणेनं दाखवायचं, की ते बाकीचं करणार. त्यांनी आधी मुलाच्या जुन्या स्कूटरवर बायकोला शिकवलं. गौराक्का हुपरीच्या, लहानपणी पैंजणांच्या कामात मुकं घुंगरू ऐकून बाजूला काढायचं काम त्यांच्याकडं असायचं, म्हणून कान तयार. स्कूटर जमली. पण दुकान पुन्हा उघडायचं तर आधी एक मोटार नीट लागली पाहिजे, आणि ती माझी, असं मेस्त्रींनी ठरवलं होतं. बॉनेटवर वाकल्यावर मान न उचलता माणसाचा हात दिसावा, अशा बेतानं त्यांनी तो गोल काढला होता.

"मी म्हणलं, मी हाय की हुबी ऱ्हायला," गौराक्का म्हणाल्या. "तर म्हणालं, तू बायको हाईस. मला बरं वाटावं म्हणून मूठ दावशील. त्या वकीलबाईला खोटं बोलता येत न्हाय. गाडी बरी न्हाय झाली तर तोंडावर सांगंल."

वकिलाबद्दल असं म्हणणारा तो अख्ख्या जिल्ह्यात एकटाच माणूस असेल. मी कसंबसं विचारलं, "मी काय बोलले होते ते सांगितलं होतं त्यांनी तुम्हाला?"

"सांगितलं की. त्या दिवशी जेवलं न्हाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालं, एवढी गिऱ्हाइकं येत्यात, धूर सगळ्यांच्याच गाडीला सुटतोय, पर एकजण बोललं न्हाय. निमूट दुसरीकडं गेली. त्या एकटीनं समोर हुबं ऱ्हाऊन सांगितलं." मग म्हणाल्या, "दर रविवारी शेड झाडून ठेवायचं... चार वाजंपतूर बसायचं हितंच."

मी रडले. त्यांच्यासमोर, त्या घरात दुःख त्यांचं असताना, मीच रडले. गौराक्कांनी ते थोडा वेळ चालू दिलं. मग म्हणाल्या, "गाडी काळं वकतीय तुमची. आत येतानाच वास आला. तापलीय न्हवं? आना हिकडं."

मी गाडी शेडमध्ये घेतली. त्यांनी हत्यारांच्या ओळीतला लाकडी मुठीचा बारका स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला, पितळी स्क्रू कुठला ते बोटानं दाखवलं आणि पदर खोचून त्या निळ्या गोलात जाऊन उभ्या राहिल्या. इंजिन चालू होतं. मी वाकले. त्यांनी एक बोट वर केलं, मी स्क्रू आत घेतला. आणखी एक बोट, आणखी आत. मग दोन बोटं झटक्यात वर आली, इंजिन खोकलं, मी घाबरून मागं फिरवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. पुन्हा एक बोट, अगदी सावकाश... आणि मग मूठ. धूर थांबला होता. इंजिन एका सुरात चाललं होतं, आणि सत्तरीची ती बाई माझ्या नावावर उभी राहून मूठ वर धरून होती.

गाडी बरी झाली होती. एवढंच तोंडावर सांगायला मेस्त्रींनी मला बोलावलं होतं. आणि जिला खोटं बोलता येत नाही असं ते समजत होते ती मी, दोनदा ‘पुढच्या रविवारी येते’ असं सांगून घरी बसून राहिले होते.